साकुरा कोणती? चित्रसंग्रहातल्या सारख्या नावांचा गुंता

चाहत्यांनी काढलेल्या चित्रांच्या एखाद्या मोठ्या ऑनलाइन संग्रहात नुसतं 'साकुरा' लिहून शोधलं तर काय मिळायला हवं? जपानी कॉमिक्स, मालिका आणि गेम एवढ्यातच बघा: 'नारुतो'मधली हारुनो साकुरा आहे, 'कार्डकॅप्टर साकुरा'ची नायिका किनोमोतो साकुरा आहे, 'फेट/स्टे नाइट'मधली मातो साकुरा आहे, 'स्ट्रीट फायटर'मधली शाळकरी पोशाखातली कासुगानो साकुरा आहे, 'साकुरा वॉर्स'मधली शिंगुजी साकुरा आहे. याच नावाने चित्रं काढणारे चित्रकार आहेत. आणि चेरीच्या बहरालाही साकुराच म्हणतात, त्यामुळे ज्यांच्यात एकही माणूस नाही, फक्त गुलाबी झाडं आहेत, अशी चित्रंही या नावाखाली येऊन बसतात. शोधणाऱ्याच्या मनात यातली एकच साकुरा असते. संग्रहाला ती कळणार कशी?

लेख शोधताना ही अडचण फारशी जाणवत नाही. लेखात नावाच्या आजूबाजूला शेकडो शब्द असतात, त्यांच्यावरून कोणाबद्दल चाललंय याचा शोधयंत्राला बऱ्यापैकी अंदाज येतो. चित्राला मात्र स्वतःचे शब्द नसतात. लोकांनी लावलेले टॅग हीच त्याची सगळी वाचा. आणि टॅग म्हणजे एक-दोन शब्दांची खूण, तीही कोणीतरी घाईत, आपल्याला जे ठाऊक ते सगळ्यांनाच ठाऊक असणार अशा समजुतीने लावलेली. 'नारुतो'च्या चाहत्याला साकुरा म्हटल्यावर दुसरं कोणी आठवतच नाही. त्याच्यापुरतं त्याचं बरोबरच असतं. महाभारतात द्रोणांच्या कानावर 'अश्वत्थामा गेला' एवढंच पडलं आणि 'नरो वा कुंजरो वा' शंखांच्या आवाजात बुडून गेलं. नुसत्या नावाच्या टॅगचं अगदी असंच होतं. सांगितलेलं खोटं नसतं, पण ज्या तुकड्यावर सगळं अवलंबून तोच ऐकू आलेला नसतो.

या विषयात दोन अडचणी कायम एकमेकींत मिसळल्या जातात. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली अडचण: व्यक्ती एक, नावं अनेक. 'इव्हँजेलियन'मधल्या मुलीला कोणी अयानामी रेई लिहितं, कोणी रेई अयानामी, कारण जपानीत आडनाव आधी येतं आणि पाश्चात्त्य पद्धतीत नंतर. त्याच मालिकेतलं दुसरं एक आडनाव रोमन लिपीत 'सोर्यू' असंही लिहिलं जातं आणि दीर्घ स्वर दाखवण्यासाठी 'सोउर्यूउ' असंही. यावरचा उपाय सोपा आहे. एक नाव अधिकृत ठरवायचं आणि बाकीची सगळी त्याच्याकडे वळवायची. २००५ पासून चालू असलेल्या 'डॅनबूरू' या चित्रसंग्रहात हीच सोय आहे. जुनं किंवा पर्यायी नाव लिहिलं की त्याच्या जागी अधिकृत टॅग आपोआप लागतो. टॅग लावणाऱ्याने काही लक्षात ठेवायची गरज नाही.

दुसरी अडचण बरोबर उलटी: नाव एक, व्यक्ती अनेक. इथे वळवणं नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. तरी मोह होतोच. समजा, नुसत्या 'साकुरा' टॅगखालच्या शंभरातल्या ऐंशी चित्रांत 'नारुतो'वालीच आहे. मग सरळ तिच्याकडे वळवून टाकलं तर? ऐंशी चित्रं एका फटक्यात मार्गी लागतात. उरलेली वीस चुकतात, पण ऐंशीपुढे वीस म्हणजे काय!

गफलत इथेच आहे. वळवण्याआधी शंभरही चित्रं 'कोणती ते ठरलेलं नाही' अशा एका ढिगात होती. ढीग दिसत होता, मोजता येत होता, कोणी फावल्या वेळात त्यातली दहा-वीस निस्तरू शकत होतं. वळवल्यावर ढीग नाहीसा झाला. वीस चुकीची चित्रं आता बरोबर असलेल्या हजारो चित्रांत मिसळली आणि ती चुकीची आहेत हे सांगणारी एकही खूण उरली नाही. शिवाय नुकसान समान वाटलं जात नाही. हारुनो साकुरा शोधणाऱ्याला अधूनमधून एखादं भलतंच चित्र दिसेल, तो दुर्लक्ष करेल. पण ज्या अनोळखी साकुराची मुळात पाचच चित्रं संग्रहात होती, तिच्या चाहत्याला त्यातलं एकही सापडणार नाही. माझ्या मते या कामातलं पहिलं तत्त्व हेच: टॅग नसणं ही उणीव आहे, चुकीचा टॅग ही खोटी माहिती आहे, आणि दोन्हींत निवड करायची झाली तर उणीव बरी. दोन टॅग मिसळायला एक आज्ञा पुरते, ते पुन्हा वेगळे करायला प्रत्येक चित्र उघडून बघावं लागतं.

यावर विकिपीडियाचं उदाहरण हमखास पुढे येतं. तिथे 'पॅरिस' शोधलं की थेट फ्रान्सच्या राजधानीचा लेख उघडतो आणि बाकीचे पॅरिस वेगळ्या यादीत असतात. मग टॅगमध्ये का नको? कारण दोन्हीकडे समोरचा माणूस वेगळं काम करत असतो. विकिपीडियावर वाचक चुकीच्या लेखावर पोचला तर ते त्याला तत्काळ दिसतं आणि लेखाच्या माथ्यावरची ओळ त्याला योग्य जागी पाठवते. चित्राला टॅग लावणारा मात्र शब्द टाइप करून निघून जातो. तो शब्द कुठे जाऊन पडला हे तो बघतही नाही. वाचकाची चूक पानापुरती राहते, टॅगची चूक नोंदीत जाऊन बसते. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्र-कोठारानेही म्हणूनच संदिग्ध नावांसाठी निव्वळ दिशा दाखवणारे वर्ग ठेवले आहेत. ते रिकामे असावेत अशी अपेक्षा असते आणि त्यात एखादी फाइल आढळली तर ती नेमक्या वर्गात हलवायची असते.

नुसत्या नावाचं मग करायचं काय? त्याला कोणाच्याच मालकीचं होऊ द्यायचं नाही. 'साकुरा' हा टॅग कोणत्याही एका व्यक्तीचा नाही, तो फक्त फाटा आहे, आणि प्रत्येक खऱ्या साकुराला स्वतःचा पूर्ण टॅग आहे. पूर्ण नाव असेल तर तेच, नसेल तर नावापुढे कंसात खुलासा. डॅनबूरूवर आणि त्याच्या वळणाने चालणाऱ्या बहुतेक संग्रहांत हीच रीत आहे.

कंसात काय लिहायचं हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. सहसा मूळ कृतीचं नाव लिहितात, आणि बहुतेक वेळा ते पुरतं. त्याशिवाय अजिबात न भागण्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अयानामी. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाची अयानामी नावाची विनाशिका होती. १९९५ साली आलेल्या 'इव्हँजेलियन'मध्ये बऱ्याच पात्रांची आडनावं जहाजांवरून घेतली आहेत: अयानामी, सोर्यू, अकागी, कात्सुरागी. पुढे २०१३ मध्ये 'कांताई कलेक्शन' हा गेम आला. त्यात युद्धनौकाच मुलींच्या रूपात आहेत, त्यामुळे अयानामी, सोर्यू, अकागी, कात्सुरागी या चौघीही तिथे हजर. मग २०१७ मध्ये 'अझूर लेन' आला, कल्पना तीच, आणि त्यातही अयानामी आणि अकागी आहेत. झालं! एकच नाव खऱ्या जहाजाचं, एका पात्राचं आडनाव आणि दोन वेगळ्या गेममधल्या दोन वेगळ्या मुलींचं. भरीला 'अकागी' नावाचा माहजाँग या सोंगट्यांच्या खेळावरचा एक मांगाही (जपानी चित्रकथाही) आहे, म्हणजे तिथे तो शब्द पात्राचं आणि कलाकृतीचंही नाव झाला.

या शेवटच्या गोष्टीने वेगळीच पंचाईत होते. डॅनबूरूसारख्या संग्रहात प्रत्येक टॅगला एक प्रकार असतो: चित्रकार, पात्र, मूळ कृती, सर्वसाधारण किंवा मेटा (म्हणजे चित्राच्या फाइलबद्दलचा). एका टॅगला प्रकार एकच. 'अकागी' हा टॅग पात्राचा म्हणून नोंदला तर कृती म्हणून तो वापरता येत नाही, आणि कृतीचा म्हणून नोंदला तर त्या जहाजकन्येची चित्रं भलत्याच विभागात दिसतात. तेव्हा 'अयानामी (कांताई कलेक्शन)', 'अयानामी (अझूर लेन)', 'अयानामी रेई' असे टॅग आधीच वेगळे असले तरच निभाव लागतो.

कंसातला खुलासा काळाबरोबर शिळाही होतो. 'फेट/स्टे नाइट' २००४ मध्ये आला तेव्हा त्यातल्या नायिकेला 'सेबर' म्हणणं पुरेसं होतं. पण सेबर हे तिचं नाव नाही, तलवारधारी योद्ध्याच्या वर्गाचं नाव आहे, आणि पुढच्या 'फेट' कृतींत सेबर या वर्गातली पात्रं येतच राहिली. त्यामुळे 'सेबर (फेट)'सारखा एके काळी अचूक वाटणारा टॅगही संदिग्ध होतो आणि तिला तिच्या खऱ्या नावाने, आर्टोरिया पेंड्रॅगन म्हणून, नोंदवणं जास्त नेमकं ठरतं. गंमत म्हणजे ते खरं नाव हा मूळ कथेतला एक रहस्यभेद होता. टॅग अचूक ठेवायचा की कथेची मजा राखायची, यात मी अचूकतेच्या बाजूने आहे. हे न आवडणारेही पुष्कळ असतील.

संग्रहाने कितीही नीट नियम केले तरी खरी लढाई टाइप करण्याच्या खिडकीत होते. 'साकु' लिहिताच जी यादी उघडते तिच्यातली पहिली ओळ बहुतेक जण निवडतात. ही यादी चित्रांच्या संख्येनुसार लावलेली असेल तर सर्वात मोठी साकुरा कायम वर, आणि वर असल्यामुळे आणखी मोठी. यादीत प्रत्येक नावापुढे मूळ कृती आणि जमलं तर छोटं चित्र दाखवलं, तर पुष्कळ चुका होण्याआधीच टळतात. नुसतं 'साकुरा' लिहून पुढे जाणाऱ्याला अडवून 'यातली कोणती?' असं विचारणं आणखी चांगलं. पण त्या प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तर देता आलं पाहिजे. ती सोय नसेल तर माणूस सुटका करून घ्यायला काहीही निवडतो, आणि आपण आपल्याच हाताने खोटी माहिती भरून घेतो.

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा चाहत्यांच्या लेखनाचा आणि इतर निर्मितीचा संग्रह, २००९ मध्ये लोकांसाठी खुला झालेला, दुसऱ्या टोकाने जातो. तिथे लेखक किंवा चित्रकार टॅग म्हणून हवं ते लिहितो आणि ते शब्द जसेच्या तसे राहतात. पडद्यामागे स्वयंसेवकांची फौज प्रत्येक टॅग वाचते आणि समानार्थी टॅग एका प्रमाण टॅगला जोडते, म्हणजे शोधणाऱ्याला सगळं एकत्र मिळतं. टॅगवरून व्यक्ती ठरत नसेल तर तो ओढूनताणून कोणाला जोडायचा नाही. मूळ शब्द शाबूत असल्याने जोडणी चुकली तर ती सोडवता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण. माणसांचे तास मात्र अफाट लागतात.

आता चित्रकारांच्या नावांकडे येऊ, कारण तिथे चूक झाली तर ती जित्याजागत्या माणसाच्या श्रेयावर जाते. कलेचा इतिहास या गुंत्याने भरलेला आहे. पीटर ब्रूगेल दोन: वडील १५६९ मध्ये वारले, मुलगा १५६४ ते १६३८, आणि मुलाने वडिलांच्या चित्रांच्या ढिगाने नकला केल्या. एकाच रचनेचं चित्र, सही 'पी. ब्रूगेल', आता हे कोणाचं? एक बारीकसा धागा आहे. वडिलांनी १५५९ च्या सुमारास सहीतलं 'एच' हे अक्षर गाळलं, मुलांनी ते पुन्हा घेतलं. देवनागरीत लिहिताना मात्र तो फरक पार पुसला जातो, म्हणून 'थोरला' आणि 'धाकटा' लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत गुंता याहून मजेशीर होतो, कारण तिथे नाव वारशाने मिळतं. उतागावा तोयोकुनी १८२५ मध्ये वारला, त्यानंतर त्याच्या तोयोशिगे या शिष्याने तोयोकुनी हे नाव घेतलं. पुढे १८४४ मध्ये कुनिसादा या दुसऱ्या, कितीतरी जास्त गाजलेल्या शिष्यानेही तेच घेतलं आणि आधीच्याला न जुमानता स्वतःला 'दुसरा तोयोकुनी' म्हणवलं. आजचे अभ्यासक त्याला तिसरा मानतात. म्हणजे चित्रावर 'दुसरा तोयोकुनी' अशी स्वच्छ सही असेल, टॅग लावणाऱ्याने ती प्रामाणिकपणे उतरवली असेल, तरी टॅग चुकीच्या माणसाकडे जाऊ शकतो! अशा ठिकाणी सहीवर काय लिहिलंय ही एक नोंद आणि चित्रकार कोण ही दुसरी नोंद, या दोन वेगळ्या ठेवाव्या लागतात.

चित्रातल्या माणसाचंही तेच. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातलं इचिकावा दांजुरो हे नट-नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सातव्याने १८३२ मध्ये ते आपल्या मुलाला दिलं आणि स्वतः एबिझो या नावाने रंगमंचावर उतरू लागला. तेव्हा १८३० च्या चित्रातला दांजुरो आणि १८४० च्या चित्रातला दांजुरो ही दोन माणसं, तर १८३० चा दांजुरो आणि १८४० चा एबिझो हा एकच माणूस. वर ज्या दोन अडचणी वेगळ्या केल्या त्या इथे एकाच घरात नांदताना दिसतात.

संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ओळख नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवायची. गेटी संस्थेच्या कलाकार-नावांच्या सूचीत प्रत्येक कलाकाराला क्रमांक असतो, आणि पसंतीचं नाव, इतर नावं, वेगवेगळी स्पेलिंग्ज ही सगळी त्या क्रमांकाखाली नांदतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड-माहितीकोशातही तसंच. मोनालिसा म्हणजे तिथे क्यू१२४१८. दोन नोंदींचं नाव सारखं असलेलं तिथे चालतं, फक्त नावाखालचं छोटं वर्णन वेगळं हवं. एवढंच नाही, 'ही नोंद त्या नोंदीपेक्षा वेगळी आहे' असं मुद्दाम नोंदवायचीही सोय आहे. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. दोन सारखी नावं बघून कोणीतरी उत्साही संपादक कधी ना कधी ती एकत्र करायला येणारच, त्याला आधीच थांबवणारी पाटी तिथे लावलेली असते.

हल्लीच्या चित्रकारांच्या बाबतीत क्रमांकाचं काम खात्याचा दुवा करतो. 'हारु' नावाने चित्रं टाकणारे ढिगाने सापडतील, पण 'पिक्सिव्ह' या चित्रकारांच्या जपानी संकेतस्थळावर प्रत्येकाचा खातेक्रमांक वेगळा असतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. म्हणून डॅनबूरूवर अगदीच सामान्य नाव असलेल्या चित्रकाराच्या टॅगमध्ये कंसात हा क्रमांक घालतात. दिसायला रुक्ष, पण खात्रीचा. इथे एक पथ्य मात्र पाळायला हवं. एका चित्रकाराची दोन टोपणनावं आहेत हे आपल्याला कळलं म्हणून ती जोडायची नसतात. काही जण वेगळ्या प्रकारच्या कामासाठी मुद्दाम वेगळं नाव घेतात. त्यांनी स्वतः ते उघड केलं नसेल तर संग्रहाच्या सोयीसाठी ते उघड करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

समजा, चूक आधीच होऊन बसली आहे आणि नुसत्या 'साकुरा'खाली काही हजार चित्रं आहेत. मग आधी नवीन आवक थांबवायची, नाहीतर एका दाराने काढलेलं दुसऱ्या दाराने येत राहतं. मग सोबतचे टॅग बघायचे. 'साकुरा' आणि 'स्ट्रीट फायटर' एकत्र असतील आणि इतर कोणतीही कृती नसेल, तर ती चित्रं एकगठ्ठा हलवता येतात. दोन कृतींची पात्रं एकत्र आणणारी चित्रं मात्र त्या गठ्ठ्यातून बाहेर काढायचीच, कारण तिथे सोबतचा टॅग कोणाचीही साक्ष देऊ शकतो. आणि 'नारुतो'च्या पात्रावर चेरीच्या पाकळ्या पडतायत असं चित्र असेल तर 'साकुरा' हा टॅग कदाचित झाडासाठी लावलेला असेल. उरलेली चित्रं एकेक करून बघायची. कोणी, कधी, कोणता टॅग बदलला याची नोंद राहिली तर पुढच्या माणसाला चुकलेली पावलं उलटी टाकता येतात, ती नसेल तर एकगठ्ठा बदलाला हात लावूच नये.

यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही, पण एक वर्तुळ ध्यानात ठेवावं. चित्र बघून टॅग सुचवणाऱ्या बऱ्याच प्रणाली अशा संग्रहांच्याच टॅगवर शिकलेल्या असतात. संशोधनासाठी खुल्या केलेल्या 'डॅनबूरू२०२१' या संचात सुमारे ४९ लाख चित्रं होती. संग्रहात दोन साकुरांची सरमिसळ असेल तर यंत्रही तीच शिकतं, आणि मग त्याच संग्रहाला तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने सुचवतं.

हे सगळं करून काही चित्रं उरतातच. त्यांच्यासाठी डॅनबूरूवर 'पात्र ओळखून हवं', 'चित्रकार ओळखून हवा' अशा अर्थाचे टॅग आहेत. माहितगार माणसं ती यादी उघडून बसतात आणि कोणाला तरी ती साकुरा ओळखू येते. कधीकधी असंही निघतं की ती कोणत्याच मालिकेतली नाही. चित्रकाराने स्वतः कल्पिलेली मुलगी, नाव ठेवलं साकुरा, आडनाव नाही, गोष्ट नाही. तेव्हा कंसात चित्रकाराचंच नाव जातं. त्या चित्रकाराचं नावही दुसऱ्या कोणाशी जुळत असेल, तर आधी त्याचा टॅग नक्की करायचा आणि मग त्या मुलीचा.